पूर्वार्धापुरतं मत

माझं विचाराल तर सिनेमा चाळीस मिनिटांचा असतो.
पुढचं लामारा सांगते,
गुरुवारी, पाव न्यायला येते तेव्हा.

पहाटे तीनला पेटते आमची भट्टी,
कुताइसीत, रिओनीचा पूल उतरलं की डावीकडे.
विहिरीसारखं तोंड तिचं. कमरेतून वाकून
कणीक आतल्या भिंतीवर थापायची,
करपायच्या आत आकड्याने उचकटायची.
अशा बाईला बुधवारी संध्याकाळी
अर्ध्या तिकिटात, मऊ खुर्चीत,
वर आणखी अंधारात बसवलं
तर दोष कुणाचा?

तरी मला मतं आहेत.

भुताचे सिनेमे सगळ्यांत चांगले.
कितीतरी वेळ काहीच होत नाही,
एक बाई जिना चढते, दार करकरतं,
डोळा लागायला याहून बरं काय?
एकदा सगळं थिएटर किंचाळलं म्हणे.
मी कूस बदलली.

युद्धाचे नकोत.
आवाजाचं काही नाही हो,
त्यात पाव चुकीचा खातात.
भुकेला माणूस पाव हातात आला की आधी हुंगतो.
त्र्याण्णव साली आमच्या दाराशी रात्रभर रांग असायची,
मी पाहिलंय.
हे पडद्यावरचे लगेच लचका तोडतात
आणि तोंडात घास असताना
देशाबद्दल बोलत सुटतात.

अवकाशातले आवडतात. तिथे कुणाला पहाट नसते.
पृथ्वी दिसेनाशी होईपर्यंत मी टिकते.

हेरांच्या सिनेमात सगळ्यांचे कोट एकसारखे.
कोण कुणाचा, हे ठरेस्तोवर
मी घोरत असते.

लहानपणी आई भारतातल्या सिनेमांना न्यायची.
पर्समध्ये दोन रुमाल,
एक स्वतःसाठी, एक शेजारी बसेल तिला.
तीन-तीन तासांचे ते, आणि मी एकदाही झोपले नाही.
तेव्हा पहाट माझी नव्हती, तिची होती.
ती कशी जागी राहायची,
विचारायचं राहून गेलं.

प्रेमाच्या सिनेमांबद्दल मात्र माझं मत वाईट होतं.
लामाराने सांगितलेले शेवट पाठ आहेत मला.
एकीने आगगाडीचं तिकीट परत केलं
आणि ती दातांची डॉक्टर झाली.
एकाने बंदरावर रात्रभर वाट पाहिली,
त्याला सर्दी झाली, तो घरी गेला.
एक जोडपं सगळ्या संकटांतून पार पडलं
आणि कपाट कुठे ठेवायचं यावरून मोडलं.
अठ्ठावीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवलेली बाई,
तिला खोटं कशाला सुचेल?

गेल्या बुधवारी पिठाची गाडी घाटात बंद पडली.
दुपारभर झोप झाली माझी,
आणि सिनेमात मी टक्क जागी.
शेवटी दोघं एका होडीत. तो लाजतो.
ती बाहीने त्याचा ओला कान पुसते,
बस, तेवढंच,
आणि दिवे लागतात.
शेजारी पाहिलं तर लामारा:
चष्मा मांडीवर, तोंड उघडं,
गाढ.

दुसऱ्या दिवशी आली. दोन पाव मागितले
आणि न विचारता सुरू:
होडी उलटली, तो पोहत काठाला लागला,
तिची फक्त चप्पल सापडली,
मग उन्हाळाभर पोलिसांचे कागद.
मी गरम पाव या हातातून त्या हातात टाकत
ऐकत होते.
"तो लाजायचा का गं?" मी विचारलं.

लामारा थांबली.
चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.
"शेवटी शेवटी," म्हणाली, "थोडासा."

मी तिला तिसरा पाव दिला, पैसे घेतले नाहीत.

येत्या बुधवारी लहान मुलांचा आहे,
पोस्टरवर एक अस्वल, गळ्यात लाल मफलर.
त्या अस्वलाची मला
आत्तापासून काळजी लागली आहे.