विषय क्रमांक चार

सभा शाळेतच भरली,
पंचायतीच्या हॉलात सोसायटीचं खत होतं म्हणून.
दुसरीच्या बाकांवर माणसं तिरकी बसली,
गुडघे आत मावेनात, पाय वाटेत,
आणि वाटेतल्या पायांवरून पहिलं भांडण.

मी ग्रामसेवक. माझं काम लिहायचं.
गाव माझं नाही, बोलीही आठ महिन्यांची,
जोरात बोलले की अर्धी कळते.

विषय क्रमांक चार : नवीन शाळेसाठी जागा ठरवणे.
सरपंचबाईंनी वाचलं आणि लाइट गेली.

वायंगणकर म्हणाले, सड्यावर बांधा.
कातळ आहे, पायाचा खर्च नाही,
जागा मी देतो, वर मोबाइलला रेंज.
"आनि पाणी? तां काय तुजो बापूस चढवतलो?"
हशा झाला. वायंगणकर हसले नाहीत.
(लिहिलं : पाण्याच्या सोयीबाबत शंका उपस्थित करण्यात आली.)

खाडीपलीकडून आयूब होडेकर आलेला,
पँट पोटरीपर्यंत ओली.
आमची सात पोरं तरीनं येतात, म्हणाला,
वारा असला तर तर नाही, तर नाही तर शाळा नाही,
आता त्यात सडा चढवा.
शाळा तुमची बांधून होईल,
पोरं कुठून आणणार?

मग खालची वाडी, सुरूच्या बनालगत.
इंजिनीयरने नकाशा उलगडला, चार कोपऱ्यांवर चार डस्टर ठेवले,
म्हणाला, भरतीरेषेपासून मोजावं लागेल.
"भरती खंयची?" रुजाय डिसोझा उभी राहिली.
"माज्या बापाशीच्या येळची, की फयानाच्या रातीची?"
नकाशाला ते माहीत नव्हतं.

मधली जागा देवाची. तिचं नाव निघताच
मानकरी पहिल्यांदा बोलले : कौल लावूक व्हयो.
कोणी म्हणालं, लावा. कोणी म्हणालं, बाकं मोडलीत ती आधी लावा.
कोणाची तरी कॉलर कोणाच्या तरी हातात होती.
(लिहिलं : सविस्तर चर्चा झाली.)

तेव्हा अंगणवाडीच्या सुनंदा तारी,
जिचा आवाज मी आजवर फक्त सही करताना ऐकला होता,
म्हणाली, ज्यांची पोरां ह्या शाळेत आसत
तेनी फक्त हात वर करा.

एकशे सदतीस सह्या होत्या वहीत.
हात वर झाले पाच.
वायंगणकर नकाशा बघत होते.
त्यांचे नातू पिवळ्या गाडीतून तालुक्याला जातात, टाय लावून;
मानकऱ्यांचा पण; सरपंचबाईंची मुलगी पण.
माझा मुलगा कुठे शिकतो ते कोणी विचारलं नाही,
मीही सांगितलं नाही.

मग दाराशी सहावा हात.
कलमांच्या बागेचा राखणदार, नेपाळचा, डंबर.
आंबा संपला की परत जाणारे असतात,
हा गेली चार वर्षं गेलेला नाही.
तीन पोरं त्याची. फळ्याच्या कोपऱ्यात
गुरुजींच्या अक्षरात : पट १४, हजर १४.
त्यातली तीन.

"यादीत नाव हा तुजा?"
तो काही म्हणाला नाही.
हात लगेच खाली आला नाही, आधी कोपरात वाकला,
मग त्याने त्याच हाताने मान खाजवली.

(लिहिलं : पाच.)

विषय पुढील सभेवर. तहकूब सभेला
गणपूर्ती लागत नाही, हे मी नियम वाचून सांगितलं,
आणि ते एकट्या वायंगणकरांना आवडलं.
आयूब शेवटच्या तरीसाठी धावला.
बाहेर पडताना कोणाचा तरी खांदा फळ्याला घासला,
चौदाचा एक गेला, चार राहिला.

मी कुलूप शोधत होतो. डंबर बाकं सरळ करत होता,
एक बाक त्याने दोनदा सरळ केलं.
"साब, सोमवारी शाळा आहे ना?"
आहे, मी म्हटलं.
इतिवृत्तात यासाठी रकाना नाही.