खाली चिकटवलेलं पान

झोंबाच्या नर्सिंग शाळेत, बुधवारी,
तियामिकेनं मोठ्या कागदावर मधोमध लिहिलं:
थकलेलं हृदय.
तिथून बाण निघाले,
फुप्फुसांत पाणी, सुजलेले घोटे, रात्रीची ढास.
सगळं सुवाच्य, पुस्तकातल्यासारखं.

मी एका बाणावर बोट ठेवलं.
"गोळी चालू आहे ना? मग पाणी परत का भरतंय?"
ती गप्प. पेन्सिलीचं टोक चावत राहिली.
मग कागदाची गुंडाळी काखोटीला मारून गेली वॉर्डात,
खाट नऊ,
बांबो म्पोंडा, चिल्वा तळ्यावरचे कोळी.

तासाभरानं आली.
कागद पुरला नव्हता,
खाली वहीचं पान चिकटवलेलं.
त्यावर नवा गोल:
संडास घरापासून दोनशे पावलं, कंदिलात रॉकेल नाही.
त्याला लागून, घाईत, वाकड्या अक्षरात:
रात्री उठायला नको,
म्हणून गोळी आठ दिवस उशाखाली.
तिथून एक बाण थेट वर, हृदयाकडे,
शाई फिसकटलेली.

"सिस्टर, हे कुठल्या धड्यात येतं?"

मी काही बोलायच्या आत
ती दारापाशी पोचलीही होती,
गोळी सकाळी देता येईल का
हे डॉक्टरांना विचारायला,
चिकटपट्टीचा तुकडा मनगटावर तसाच.