कडता

चिलोए बेटावर, ओहोटी लागली की
बायका मांडीभर गार पाण्यात उतरून
लुगा उपटायच्या, लालसर समुद्रशेवाळ.
धक्क्याजवळच्या शेडमध्ये नोल्बेर्तो ते वजनावर घ्यायचा
आणि मी वही लिहायचो.

पोत्यामागे तीन किलो कडता.
कशाचा? वाळूचा.
वाळू असो, नसो.

एदुविना तेव्हा नवी होती.
तिचं शेवाळ कुंपणावर दोन दिवस वाळवलेलं,
शिंपला न् शिंपला वेचलेला;
पोतं हलवलं तर नुसतं कुरकुरायचं.
काटा अडतीसवर थांबला.
मी लिहिलं, पस्तीस.
"यात वाळू कुठाय?"
नोल्बेर्तो म्हणाला, अगदी मायेनं म्हणाला,
"तुझ्यात नसेल गं. बाकीच्यांच्यात असते."

ती भांडली नाही.
बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजत घरी गेली.

पुढच्या खेपेला तिच्या पोत्यात
तीन किलो वाळू होती.
तीनच.
मी ओळखलं, कारण घरून तोलून आणल्याशिवाय
वाळू इतकी प्रामाणिक भरत नाही.

हिवाळ्यात ती चारवर गेली.
नोल्बेर्तोनं कडता पाचवर नेला आणि मला म्हणाला,
"बघितलंस? म्हणूनच."

त्याचंही खोटं नव्हतं.
पलीकडचा कारखाना त्याच्या ट्रकमागे ओलाव्याचा कडता धरायचा,
ट्रक खडखडीत कोरडा असला तरी.
म्हणून फेरीबोटीत चढण्याआधी
तो पोत्यांवर समुद्राच्या चार बादल्या मारायचा,
एकीकडे शीळ घालत,
झाडांना पाणी घालावं तसा.

मी काटा कधी मारला नाही.
माझ्या हातात काटा नव्हताच, पेन्सिल होती.
पगार थकायचा, तेव्हा
दर पोत्यातला अर्धा किलो
मी ओर्तेन्सिया ओयार्सो या बाईच्या नावे लिहायचो.
अशी बाई बेटावर नव्हती.
तिचे पैसे तिचा भाचा न्यायचा.
भाचा मीच.

एकदा सही करताना एदुविनानं
ओलं बोट त्या नावावर ठेवलं.
"ही कोण?"
"आहे एक. पलीकडच्या वाडीतली. म्हातारी."

ती रकाना वाचत खाली खाली गेली, सावकाश,
पानाला ओलसर रेघ पडत गेली.
अख्ख्या वहीत त्या एका नावापुढे
कडता लावायचा मी विसरलो होतो.

"नशीबवान आहे," एदुविना म्हणाली,
आणि पोतं उचलून
काट्यावर ठेवलं.