न विणलेलं

पाणी चार दिवसांआड येतं विडी घरकुलात,
म्हणून लोकर धुवायला वार ठरवता येत नाही.
नळ सुरसुरला की आधी घागरी, मग कपडे,
मग उरलेल्या बादलीत, रिठ्याच्या फेसात,
बिराप्पा बंडगरनं आणून टाकलेलं पोतं.
पहिलं पाणी काढ्यासारखं निघतं.
दुसऱ्यावर तरंगतात लेंड्या, कुसळं, गोखरू,
आणि बाभळीचा एखादा काटा,
जो मेंढी विसरलेली असते
आणि माझं बोट विसरत नाही.

सासू दारातून विचारते, इदेम पनि?
तेलुगूत पनि म्हणजे काम.
शेजारच्या सोजरबाईला ते पाणी ऐकू येतं,
ती म्हणते, उद्या येणार म्हणे, पहाटे.
दोन्हींचा भरवसा सारखाच.

आमच्या घरात तीन पिढ्या टॉवेल.
उभा धागा, आडवा धागा, मधून पळणारा धोटा.
एक तार तुटली तरी झोपेतून उठून
माग थांबवायचा माझा नवरा.
मागल्या दिवाळीआधी दोन्ही माग किलोवर गेले.
टेम्पोत चढवताना त्यानं मोटरला हात लावून पाहिला,
ताप बघतात तसा.
गार होती.
पुढं कित्येक रात्री झोप नाही.
खटखट नसली की कानाला भोक पडतं, म्हणायचा.

बहिणीची भार्गवी पुण्याहून सुया पाठवते.
ह्या सुईला नाकं नाही.
म्हणजे दोरा नाही, म्हणजे गाठ नाही,
म्हणजे चुकलं तर उसवायचीही सोय नाही.
टोकाशी बारीक दाते, डोळ्यांना न दिसणारे.
लोकरीचा बोळा फोमच्या तुकड्यावर ठेवायचा
आणि टोचत राहायचं.
बराच वेळ काहीच होत नाही.
मग केसाला केस अडकतो,
गड्ड्याच्या जत्रेत अनोळखी पोरं
एकमेकांचा सदरा धरतात तसा,
आणि बोळा हळूहळू आक्रसतो, घट्ट होतो,
त्याला मान येते, शेपूट येतं.
उभं नाही, आडवं नाही, मोजायला काही नाही.
जन्मभर तारा मोजलेल्या सासऱ्यांपुढं
हे ठेवायची माझी छाती झाली नसती.

रात्रीच करते मी. कच् कच् कच् कच्.
तिसऱ्या चिमणीला नवरा घोरू लागतो.

चिमण्या करते, खिडकीत टांगायची ज्वारीची कणसं,
समईखालच्या चकत्या,
आणि एक चंद्र, तो काळाच झाला,
कारण आमच्याकडची मेंढरं काळी.
विकतची लोकर म्हणे लोण्यासारखी असते.
ही हट्टी आहे, उन्हात वाढलेली.
एक चिमणी कोथरूडहून परत आली,
सोबत चिठ्ठी: छान आहे, पण टोचते.
आता टोचून टोचूनच झाली आहे ती,
दुसरं काय करणार?

बिराप्पा पैसे घेत नाही.
कातरायची मजुरीसुद्धा निघत नाही, म्हणतो,
ओढ्यात टाकायची ती तुला टाकली. चहा पाज, नरसाक्का.
परवा कप हातात घेता घेता थांबला.
टीव्हीवर कोकरू होतं, वीतभर.
ही टिकली, म्हणाला.
कुठली टिकली?
कपाळावर पांढरं होतं ती. चैतात बाजारात दिली.
ते पांढरं मी काळी लोकर संपली म्हणून लावलं होतं.
सांगितलं नाही.

त्यानं कप खाली ठेवला,
कोकरू उचलून उताणं केलं,
आणि दोन अंगठ्यांनी पोटावरची लोकर फाकवून
गोचीड आहे का ते पाहिलं.
बगलेत पाहिलं. कानामागं पाहिलं.
मग तोंड दाराकडं करून परत ठेवलं
आणि गार झालेला चहा पिऊन गेला.

भार्गवी फोटो मागते आहे, किंमत विचारते आहे.
मी अजून त्याचं तोंड फिरवलेलं नाही.