बोटभर ढील

बांधावरनं तीनदा ऐकलं :
बाईच्या हातची सरी, वाकडीच येणार.
चौथ्यांदा मी चावी काढली, खाली उतरले,
रिजर धरून हलवला.
वीतभर इकडं, वीतभर तिकडं.
चेनीच्या कड्या झिजून तारेएवढ्या.

वसमतला यासीन मिस्त्रींच्या टपरीत दोन जोड टांगलेले :
लाल रंगाचे, नळीचे, फिरवून लांबी धरणारे,
अन् कुठल्या तरी मोडीतल्या मॅसीच्या
सपाट पट्ट्या, भोकाभोकांच्या.
पोरगा म्हणला, नवेच घ्या ताई.
मिस्त्री म्हणले, गाडी कोणत्या सालची?
सत्त्याऐंशी. माझ्याहून दोन वर्षांनी मोठी.
फडक्यात गुंडाळून नेलेली पिन मी दिली.
जुन्या पट्टीत घातली त्यांनी.
बसली, न वाजता.

घरी लिफ्ट उचलली तर
अर्ध्यात येऊन कण्हली,
पट्टी वाकाया लागली धनुष्यासारखी.
फोनवर मिस्त्री : खुंटी कुठं ठोकली?
खालच्या हाताच्या पिनेसमोर घ्या, एका आसात.
दोघं वेगवेगळ्या ठिकाणाहून फिरले
की एक दुसऱ्याला मोडतो.
अन् हे बघा, पार आवळू नका. बोटभर ढील असू द्या.

ब्रॅकेट चार बोटं खाली घेतला.
वेल्डिंगचा वास रात्री भाकरीलाही.

सकाळी हळदीच्या रानात
पहिली सरी लिंबापर्यंत नेली, मागं वळले.
बांधावर मुंजाजीमामा,
एक डोळा मिटून बघत होते लांबवर.
आज कुणी चालवला गं?

मी लिफ्ट उचलली.
काही वाजलं नाही.