तेराशे

मैदानावर रेघा मारणं हे माझं काम.
सुतळी, चार खिळे, चुन्याचा गळका गाडा.
वडाळ्याला, मिठागरांच्या अलीकडे,
शनिवारी रात्री फ्लडलाइटखाली
सात-सातच्या मॅचेस होतात, तिथं.

तो आला तेव्हा पोरांनी नाव विचारलं.
तेरसू, म्हणाला.
एका मॅचचे ठरले तेराशे,
मग काय, नावच पडलं.
तेराशे, पास दे. तेराशे, मागे बघ.
तोही ओ द्यायला लागला.

एकोणिसाव्या वर्षी मकुर्डीहून निघाला.
आईनं सुरणासारखं काही पिकणारं शेत विकलं,
एजंटनं तिकीट काढलं, फक्त जायचं.
माल्टात सहा महिने नुसता बाकावर.
फिनलंडात दुसरा विभाग, बावीस गोल.
(बावीस म्हणताना अजून अंगठा पेरांवरून फिरतो.)
स्लोव्हाकियात पगार थकला, तर क्लबनं
हिशेबात बटाट्याची पोती दिली.
मोल्दोवात स्टँडमधून माकडाचे आवाज,
आणि त्याच गावात एक बेकरीवाली
रोज त्याच्यासाठी शेवटचा पाव झाकून ठेवायची.
दोन्ही गोष्टी तो एका दमात सांगतो,
मध्ये 'पण' घालत नाही.
सायप्रसला गुडघा गेला.
मग मुंबईच्या एका क्लबचा करार,
आणि क्लबच गुंडाळला एका मोसमात.

एजंटनं तुला चुना लावला रे, मी म्हणालो.
चुन्यातलं मला कळतं.

कागदावर एकोणतीस.
खरं वय गुडघ्याला विचारा,
पाणी प्यायला खाली बसताना तो बोलतो.

पेनल्टीचा ठिपका मात्र तोच टाकतो.
गोलकडे पाठ, मोजून बारा पावलं,
टाच रोवतो, मी तिथं मूठभर चुना सोडतो.
एकदा चोरून टेप लावली.
बोटभरही चूक नव्हती.

एका संध्याकाळी गाड्याशेजारून चालता चालता म्हणाला,
तिकडे बर्फ पडला की रेघ निळी मारतात.
बॉल केशरी.
मी गाडा थांबवला.
तीस वर्षं पांढरं ओढतोय मातीवर,
पांढऱ्यावर ओढायचं झालं तर काय करायचं
हे कधी डोक्यातच आलं नव्हतं.
आणि माणसं दिसायची का रे नीट?
मी तर फार लांबून दिसायचो, तो म्हणाला,
आणि इतका हसला की गोलकीपरनं वळून पाहिलं.

मे महिन्यात, दुपारी चारला, दारात उभा.
अंगात जाकीट, गळ्यापर्यंत चेन लावलेली.
काका, एक फोटो काढ.
मला मिठागराच्या बांधावर नेलं,
ढिगांसमोर उभा राहिला, पांढऱ्याशुभ्र, कमरेइतक्या.
मागचा टॉवर नको, म्हणाला. टँकर नको.
ते गुलाबी पक्षी तर अजिबात नकोत.
खाली वाक, अजून खाली,
नुसतं पांढरं येऊ दे.

मी चिखलात गुडघे टेकले.
मोबाइलच्या चौकटीत त्याला चारी बाजूंनी नीट बसवलं,
रेघा सरळ ठेवायची सवय हाताला.
तो हात चोळत उभा, तोंडातून वाफ निघाल्यासारखं करत.
मिठाची तिरीप डोळ्यांत जात होती.
मी तीन फोटो काढले.

उत्तर रात्री आलं, मॅचच्या मध्यंतराला.
फोन माझ्या कानाला लावला.
म्हातारीचा आवाज, मागे कोंबड्या,
मला एक अक्षर कळलं नाही.
तो हसला. मग बुटाची नाडी सोडली,
पुन्हा बांधली.
काय म्हणते रे?

म्हणते, बर्फ छान आहे.
म्हणते, एवढ्या थंडीत
तुझ्या कपाळावर घाम कसला?

शिट्टी झाली.
माझ्या हाताला चुना होता, तरी पाठीवर ठेवला.
जर्सीवर पाच बोटं उमटली,
ती घेऊनच तो आत गेला.