चौदा तासांचा अंधार

घणसोलीत, हाय-टेन्शनच्या तारांखाली
हिराजी भोपींची नर्सरी आहे.
वर तारा गुणगुणत असतात, खाली हिरव्या जाळीत
तगर, एक्झोरा, जास्वंदी,
काळ्या पिशव्या फाडून बाहेर आलेली मुळं.
"घर नाय बांधू देत इथं," ते म्हणतात,
"झाडं चालतात."

त्यांच्याकडचा अनंत कोरड्या वाऱ्याला रुसतो.
कळ्या देठाशी पिवळ्या पडतात आणि
एक दिवस झाडताना केरसुणीत सापडतात.
काचा पुसायच्या औषधाची रिकामी बाटली
मी सात पाण्यांनी धुतली.
उन्हं यायच्या आधी पानांवर फवारते,
उमललेल्या फुलावर मात्र थेंब नको,
चहा सांडल्यासारखा डाग राहतो.

बोगनवेललाही तशीच भिजवली, मायेने.
पानं तजेलदार, काटे बोटभर,
फूल एक नाही.
"लाडावलीस तिला, ताई. तानेली ऱ्हाऊ दे."
मग मी तिच्याकडे पाठ करून कपडे वाळत घालू लागले.
एका सकाळी टॉवेल ओढला
तर त्याच्यासोबत
राणी रंगाचं काहीतरी आलं.

पॉइन्सेटियाचं दुखणं निराळं.
त्याला अंधार लागतो, सलग चौदा तास,
दसऱ्यापासून दोन महिने.
आणि आमच्या गॅलरीसमोर
'खाडी दिसणारे दोन बीएचके' रात्रभर उजळलेले असतात.
तो फलक मी कसा विझवणार?
म्हणून संध्याकाळी सहाला
मिक्सरचं खोकं, त्यावर जुनी सतरंजी.
मुलीने एकदा मोबाइलचा टॉर्च लावून आत डोकावलं,
मी अशी ओरडले
की माझं मलाच नवल वाटलं.

सकाळी आठला खोकं उचलते
तेवढ्यात श्रीरंग येतो, महापेहून,
सर्व्हरच्या खोलीतली थंडी अंगावर घेऊन.
मी पडदे ओढते, फटीत ओढणी खोचते,
कुकरची शिट्टी काढून ठेवते.
या घरात कायम
कुणाची ना कुणाची रात्र चालू असते.

डिसेंबरात वरची पानं लाल झाली.
पानंच ती. खरं फूल मधोमध,
पिवळं, मुगाएवढं, कुणी बघत नाही.
रविवारी चारला तो उठला,
स्वतःच पडदा सारला,
बराच वेळ गॅलरीत उभा राहिला.
"हे कधी झालं?"
"रात्री," मी म्हटलं, "रोज थोडं थोडं."

सहा वाजता मी सतरंजी घेऊन आले
तर खोकं त्याच्या हातात.
हळूच झाडावर उतरवलं,
कडा नीट बसवल्या,
आणि वाकूनच विचारलं,
"आत बरं वाटत असेल का गं त्याला?"